पाळणाघराचे पैसे माझ्याच पगारातून का वजा करायचे?

चौथी सीट

राजीनाम्याची मेल लिहून चार दिवस झाले, ड्राफ्टमध्ये पडून आहे. सोमवारी पाठवायची असं घरात ठरलंय. त्याआधी इथे लिहावंसं वाटलं, कारण घरात सगळे ज्याला 'सरळ हिशेब' म्हणतायत तो मला पटत नाहीये आणि का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी, नवरा, सासूबाई, लेक ११ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा. मी फोर्टमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला आहे, तिथे ९ वर्षं ५ महिने झाले. त्याआधी दुसरीकडे चार-साडेचार वर्षं. नवरा ऐरोलीला जातो.

पाचला उठते. कणीक रात्रीच मळून ठेवलेली असते. पाणी साडेपाच ते सव्वासहा एवढंच येतं, त्यामुळे एका हाताने पोळ्या, दुसऱ्या हाताने बादल्या. डबे चार. लेकीचा, नवऱ्याचा, माझा आणि मुलाचा पाळणाघरातला. सासूबाईंचे गुडघे गेलेत, तरी भाजी त्या आदल्या रात्री निवडून ठेवतात, हे सांगायलाच हवं. लेकीची व्हॅन ६:५० ला. मुलाला साडेसातला पाळणाघरात सोडते, तिथल्या काकू त्याला बालवाडीत नेतात-आणतात. मग फास्ट लोकल. संध्याकाळी ऑफिस सहाला सुटतं. गाड्या वेळेवर असल्या तर मी पावणेआठला पाळणाघराच्या दारात. पाळणाघर साडेसातला बंद होतं. रोजची ती पंधरा मिनिटं काकू सांभाळून घेतात, पण मला ठाण्यापासून पोटात गोळा येतो.

गेल्या जुलैत कुर्ला आणि शीवच्या मध्ये गाडी थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी. नवरा तिकडे शिळफाट्याला अडकलेला. काकू फोनवर म्हणाल्या, "सावकाश या, मी आहे." साडेनऊला पोचले तेव्हा पुढच्या खोलीतला एकच दिवा चालू होता. काकूंनी मुलाला वरणभात भरवला होता. तो दाराशी पाटावर बसलेला, पाठीला दप्तर, पायात बूट. साडेसहालाच घालून बसला होता म्हणे, काढूच देईना. "आई आली की परत घालायला उशीर होईल," असं त्याने काकूंना सांगितलं. रडला अजिबात नव्हता. घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही पायांना इलॅस्टिकचे लालभडक वळ. तो झोपल्यावर कितीतरी वेळ मी त्या वळांवरून बोट फिरवत बसले होते.

त्या रात्री नवऱ्याने डायरी काढली. माझा हातात येणारा पगार ४३,०००. त्यातून पाळणाघर ८,५००, धुणीभांडी ३,०००, लेकीचा क्लास २,५००, पास आणि रिक्षा २,०००, बाहेरचं खाणं, ऑफिसचे कपडे वगैरे ३,०००. खाली दोन रेघा मारून २४,०००. "एवढ्यासाठी पोराला असं बसवायचं का गं?" असं म्हणाला. चिडून नाही, हळूच. त्याचेही डोळे भरले होते. वाईट माणूस नाही तो.

पण माझी नजर त्या डायरीवरून हटत नव्हती. त्याचा पगार ६८,०००. त्यातून पाळणाघराचा एक रुपया वजा नाही. तो कामावर जातो तेव्हाही त्याच्या मुलाला कुणीतरी सांभाळतंच ना?

नोकरी मला सोडायची आहे, हेही खरंच. थकलेय मी. पण असा चुकीचा हिशेब डोक्यावर घेऊन सोडायची नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

गंगापूर रोड

ताई, वळांचं वाचून मोबाइल बाजूला ठेवला, मग परत घेतला.

मी नाशिकला. मुलीला दमा आहे, तिच्यासाठी नोकरी सोडली आणि सहा वर्षं घरी होते. त्या सहा वर्षांबद्दल मला पश्चात्ताप नाही. रात्री तिला धाप लागली की सकाळी रजेचा फोन कुणी करायचा हा वाद संपला, एवढ्यासाठीसुद्धा ते बरंच झालं. पण आधी कुणी सांगितलं असतं तर बरं, असं एक आहे. पहिले तीन महिने सणासारखे जातात. चौथ्या महिन्यात मी नवऱ्याकडे माझ्या भावाच्या वाढदिवसासाठी पैसे मागितले. त्याने लगेच दिले, फक्त "किती?" एवढंच विचारलं. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण सोळा वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

सोडणार असशील तर सोडायच्या आधी ठरवून घे, दर महिन्याच्या १ तारखेला तुझ्या खात्यात ठरलेली रक्कम जमा होणार, न मागता. आणि परत यायचं असेल तर मनाची तयारी ठेव. मी ३०,००० वर सोडली होती, परतले तेव्हा १८,००० वर घेतलं.

आकडेमोड

मी पीएफचीच कामं करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. भावनिक बाजू इतर लोक माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

९ वर्षं ५ महिने हा आकडा वाचून थांबलो. मेल पाठवू नका. आधी तीन गोष्टी बघा.

पहिली ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम. ५ वर्षं झालीत म्हणजे ती मिळेलच. सूत्र असं, शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वर्षं मोजताना सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले तर पूर्ण वर्ष धरतात. ९ वर्षं ५ महिन्यांना ९ धरतील. दोन महिन्यांनी तीच १० धरतील. मूळ पगार २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० होतात. दोन महिन्यांच्या घाईत तेवढे जातात.

दुसरी पेन्शन. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना असतो. तिथे दरमहा १,२५० दिसतायत का? १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सभासद झालेल्यांचा मूळ पगार रुजू होतानाच १५,००० च्या वर असेल तर त्यांना पेन्शन योजना लागू नाही. तुमचा आत होता का? असेल तर १० वर्षं पूर्ण होणं महत्त्वाचं. १० झाली की ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शनचा हक्क पक्का होतो. त्याआधी सोडलीत तर एकरकमी काढून घेण्याचा पर्याय असतो, आणि बरेच लोक तोच घेतात, कारण हातात पैसे दिसतात.

खोटी आशा लावत नाही. पेन्शन मोठी नसते. १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिन्याला साधारण २,१४३. पण आयुष्यभर, आणि तुमच्या पश्चात निम्मी जोडीदाराला.

तिसरी गोष्ट, कंपनीचा आरोग्य विमा. त्यात कोण कोण आहे?

चौथी सीट

आकडेमोड दादा, रात्री साडेअकराला पासबुक उघडलं. १,२५० आहेत. रुजू झाले तेव्हा बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,००० होता. आता २६,००० च आहे, तुम्ही अंदाजाने लिहिलेला आकडा बरोबर निघाला.

आधीच्या नोकरीचा पीएफ मात्र मी सोडताना सगळा काढला होता. लेक लहान होती, फ्लॅटचं डाउन पेमेंट करायचं होतं. ती चार वर्षं धरली असती तर माझी १० केव्हाच झाली असती. कुणी सांगितलंच नाही तेव्हा.

विम्यात आम्ही चौघं आणि सासूबाई. नवऱ्याच्या कंपनीत आईवडील धरत नाहीत, म्हणून त्या माझ्या पॉलिसीत आहेत.

आकडेमोड

आणि त्यांचे गुडघे गेलेत म्हणताय. मग ऑपरेशनचा विचार कधी ना कधी होणारच. नोकरी सुटली की गट विमा सुटतो. बाहेर नवीन पॉलिसी घ्याल तर आधीपासूनच्या दुखण्यांना ३ वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, आणि त्यांच्या वयाला हप्ताही जबर. हे डायरीत धरलंय का कुणी?

जुन्या पैशांचं वाईट वाटून घेऊ नका, झालं ते झालं. यापुढे एवढं लक्षात ठेवा की १० च्या आत सोडायची वेळ आलीच तर रक्कम काढू नका, स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे पेन्शनची वर्षं राखून ठेवणारा दाखला. पुढे कुठेही पीएफवाली नोकरी धरलीत तर ही वर्षं त्यात जोडली जातात.

निवृत्त टेलिफोन

मी बहात्तर वर्षांची आहे, नात टाइप करून देतेय. मुंबईत टेलिफोन खात्यात नोकरी केली. तेव्हा बाळंतपणाची रजा तीन महिने. गिरगावातल्या दोन खोल्यांत सांभाळायला कुणी नाही. मुलगी पाच महिन्यांची झाली तशी तिला देवरुखला माझ्या आईकडे ठेवली, अडीच वर्षं. दोन-तीन महिन्यांतून एकदा शनिवारी रात्रीच्या एसटीने जायचे. एकदा पोचले तर ती अंगणात होती. मला बघून आत पळाली आणि आईला म्हणाली, "मुंबईची बाई आलीय." आई तिला रागावली, "अगं, तुझी आई ती." त्यात मुलीचा काय दोष होता?

पुढे ती माझ्याकडे आली, शिकली, आज चांगल्या पदावर आहे आणि आमचं गूळपीठ आहे. पण सूनबाई, "बाई" हा शब्द मी अजून विसरले नाही. आमच्या घरात त्या वेळी डायरीसुद्धा कुणी काढली नव्हती. तुझ्या नवऱ्याने निदान आकडे लिहिले. लिहिलेलं खोडता येतं, त्याला शेजारी बसवून खोडून परत लिही.

बांधावरची

मी फलटणजवळच्या गावातली. सगळ्यांचं वाचून मनात आलं ते लिहिते, राग मानू नका. माझ्या आईने पाच पोरं वाढवली, रोज रोजंदारीवर जायची. झाडाला लुगड्याची झोळी, त्यात मी. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती, पेन्शन तर सोडाच. तुम्हा शहरातल्या बायकांना जरा जास्तच होतं का सगळं?

चौथी सीट

राग नाही आला. तुमच्या आईचे कष्ट माझ्यापेक्षा मोठे होते, त्यात शंकाच नाही.

पण झोळी नजरेसमोर होती ना हो? मूल रडलं तर त्या खुरपं ठेवून पाजू शकत होत्या. माझं मूल माझ्यापासून पन्नासेक किलोमीटर लांब असतं, आणि मधे पाणी भरलं की मी त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. मला कष्टांचं काही नाही, अंतराचं आहे.

कायद्यातसुद्धा मला हेच खुपतं. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. लेकीच्या वेळी मला १२ मिळाल्या होत्या, मुलाच्या वेळी २६, त्यातला फरक मी अंगावर अनुभवलाय. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावं असंही आहे. आमच्या ऑफिसात तीसच माणसं, म्हणून आम्हाला ते लागू नाही. पण समजा असतं तरी काय? सकाळच्या आठच्या गर्दीत डोंबिवलीहून चार वर्षांच्या पोराला घेऊन बायकांच्या डब्यात चढायचं? दारात लटकणाऱ्यांच्या मधून? पाळणाघर ऑफिसजवळ नको, घराजवळ हवं, आणि माझ्या गाडीच्या वेळेपर्यंत उघडं हवं. एवढंच मागणं आहे.

बांधावरची

हां, हे पटलं. आई समोर होती हे मी धरलंच नव्हतं.

तालुक्याची क्लार्क

मी राज्य सरकारी नोकरीत. आम्हाला २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत तुकड्या-तुकड्यांत घेता येते. केंद्राच्या बायकांना ७३० दिवस. मुलाच्या दहावीला मी दोन महिने घेतली. ती नसती तर मीही तुमच्याच वाटेने गेले असते. खाजगीत हे का नसावं, याचं उत्तर मला सुचत नाही.

एक बाबा, कोथरूड

पुरुष म्हणून लिहावं की नाही कळत नव्हतं. बायको डॉक्टर आहे, तिची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे मुलगा जवळजवळ मीच सांभाळतो. तरी ताप आला की शाळेतून फोन तिलाच. ऑपरेशन थिएटरमध्ये असताना तीन-तीनदा. शेवटी शाळेत जाऊन फॉर्म काढायला लावला. त्यात 'पालकांचा पहिला क्रमांक' या रकान्यात प्रवेशाच्या वेळी मीच तिचा नंबर लिहिला होता, माझ्याच अक्षरात. तो खोडून माझा घातला. पुढच्याच आठवड्यात फोन मला आला, मीटिंग सोडून गेलो, मॅनेजरचं तोंड वाकडं झालं, मग त्यालाही सवय झाली.

ताई, तुमच्या मिस्टरांना ऐरोलीहून लवकर निघता येतं का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाय का? म्हणजे ऑफिसात त्यांनी स्वतः विचारलाय का?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं २०१९ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या, ते करणारे पुरुष ९७. मी ते वाचून आमच्या घरातली मिनिटं आठवडाभर वहीत लिहिली होती. मला वाटायचं मी निम्मं करतो. तसं नव्हतं.

श्टुटगार्टची

इथे जर्मनीत प्रत्येक मुलामागे आईला आणि बापाला, दोघांनाही ३-३ वर्षांपर्यंत नोकरी राखून सुट्टी घेता येते. पैसे त्यातले काही महिनेच मिळतात. एकाच पालकाने घेतले तर १२ महिने, दोघांनी वाटून घेतले तर १४. ते दोन महिने बाबांनी घरी राहावं म्हणून ठेवलेत. माझ्या नवऱ्याने घेतले आणि तेव्हा त्याला कळलं की बाळ झोपल्यावर आपणही झोपू असं होत नाही.

गंगापूर रोड

कोथरूडच्या बाबांना अनुमोदन. आमच्याकडेही हा प्रश्न त्याने ऑफिसात विचारलाच नव्हता. त्याने विचारायला हवा होता हे माझ्याही डोक्यात आलं नाही तेव्हा.

चौथी सीट

अकरा दिवसांनी लिहितेय. सोमवारी मेल पाठवली नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मीच डायरी घेऊन बसले. वर ६८,००० आणि ४३,००० यांची बेरीज लिहिली, १,११,०००. त्यातून ते सगळे १९,००० वजा केले. मग माझ्या बाजूला डायरीत नसलेलं लिहिलं. पीएफमध्ये कंपनी भरते ते, ग्रॅच्युइटीचे वर्षाला १५,०००, पेन्शनला राहिलेले सात महिने आणि सासूबाईंचा विमा. नवरा बराच वेळ बघत राहिला. "मी असं बघितलंच नव्हतं," म्हणाला, आणि नंतर दोन दिवस गप्प. मला वाटलं दुखावला. तिसऱ्या दिवशी कळलं, त्याने ऑफिसात आठ ते पाचची वेळ मागितली होती. आठवड्यातून तीन दिवस मिळाली. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

सासूबाईंना हे रुचलेलं नाही. "तो दमून येतो आणि पोराला आणायला जातो, शेजारी बघतात." विम्याचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, माझ्या गुडघ्यासाठी तू नोकरी करू नकोस. त्यात रागही होता आणि माया पण होती. मी पुढे काही बोलले नाही. भाजी मात्र रोज निवडून मिळतेय.

नोकरी सोडणार का? अजून वाटतंय, हो. पण सात महिन्यांनी, १० वर्षं पूर्ण करून, आणि १ तारखेला खात्यात पैसे येणार हे ठरवून. सोमवार आणि शुक्रवार अजून माझेच आहेत आणि तेव्हा ठाण्यापासून तोच गोळा येतो. तो गेलेला नाही.

काल गुरुवार. मी आठला घरी पोचले. मुलगा अनवाणी, चड्डी-बनियनवर, जमिनीवर पालथा पडून रंगवत होता. वर बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते एकदम तक्रार करायला. "बाबाने माझ्या डब्यातली उरलेली भेंडी खाल्ली." मी पर्स खांद्यावरून न काढता तशीच त्याच्या शेजारी बसले. मोजे बाल्कनीत दोरीवर होते, धुऊन टाकलेले. नवऱ्यानेच धुतले होते.

आजींना सांगा, खोडून परत लिहिलं.

निवृत्त टेलिफोन

वाचून दाखवलं नातीने. दोनदा वाचायला लावलं.

चौथी सीट

आकडेमोड दादा, एक राहिलं. पीएफचं नॉमिनेशन, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे ते, ऑनलाइन भरायला बसले, दोन्ही मुलांची नावं घालायची होती. लेकीच्या आधारवर जन्मतारीख चुकीची निघाली, दाखल्यावर वेगळी आहे. तसंच भरू का?

आकडेमोड

नको. आधी दाखला घेऊन आधार दुरुस्त करून घ्या, मग नॉमिनेशन. अशी तफावत पैसे मागायच्या वेळी नडते. आणि तुमच्या मिस्टरांनाही त्यांचं नॉमिनेशन उघडून बघायला सांगा. लग्नाआधीचं असेल तर तिथे अजून आईवडिलांचीच नावं असतील.